नुसतं बघितलं

मार्गासनीच्या वरच्या अंगाला नूतनची वाडी. वाडीत शिकलेल्या मुली पुष्कळ, पण ‘नूतनला विचारा’ असं म्हटलं जायचं ते हिच्या एकटीच्या बाबतीत. कुणाचा मोबाईल अडला, आधारला बोटाचा ठसा जुळेना, एसटीचं तिकीट ऑनलाईन काढायचं झालं, की चला नूतनकडे. भोरच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकली आणि पुण्याला न पळता भोरातच एका तीन खुर्च्यांच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहू लागली. मोबाईलवरून शेतातली मोटर चालू-बंद करायचा स्टार्टर ही कंपनी करायची. तो स्टार्टर तिनं वाडीत सगळ्यात आधी आपल्याच घरी बसवला. तेव्हापासून वाडीच्या लेखी तिचा शब्द म्हणजे शेवटचा. पंचविशीच्या पोरीला हे आवडणारच, तिलाही आवडत होतं.

आई नूतन लहान असतानाच गेली. तिला वाढवलं ते थोरल्या चुलतीनं, सोजराबाईनं. सोजराबाईला मूल नाही, नवराही तरणाताठा असतानाच गेला. घर एक, चूल एक, नदीवरची मोटर एक. शेताची मात्र वाटणी झालेली, मधे बांध. बांधाच्या अलीकडे सोजराबाईचा कांदा, पलीकडे नूतनच्या वडिलांचा, धनाजीअण्णांचा गहू. सोजराबाई तोंडानं फटकळ. मनात काही ठेवायची सवयच नव्हती तिला. आलं की बोलून मोकळी, आणि तासाभरानं त्याच माणसाला चहा करून द्यायची. नूतन तिला ‘मोठी आई’ म्हणायची. कॉलेजात असताना डब्यात रोज तिच्या हातची भाकरी असायची.

माघ संपत आला होता. कांद्याच्या पाण्याची पाळी असताना अण्णांनी पाणी गव्हाला वळवलं, आणि सोजराबाईनं बांधावर उभं राहून तोंड सोडलं.

“लई हात चालत्यात भावजी तुमचं, दुसऱ्याच्या पान्याला! मोडून पडू द्यात ते हात एकदाचं!”

शेजारच्या रानात आनंदराव होते. वाडीतलं जाणतं माणूस. त्यांनी ऐकलं, हसले आणि सोडून दिलं. रोजचंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा हात खरोखरच मोटरीत गेला.

घडलं ते असं. सकाळी अण्णांनी बांधावरून मोबाईलवर ‘चालू’चं बटण दाबलं. रेंज धड नव्हती, मोटर काही सुरू झाली नाही. अण्णा म्हणाले, बरंच झालं, ग्लँडमधून पाणी गळतंय, तेवढी दोरी भरून घेऊ. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथं दोरी ठासून बसवायची असते. ती झिजली की पाणी गळतं. दर वर्षाचं काम.

या कामाचा वाडीत एक शिरस्ता होता. पंपाला हात घालण्याआधी रस्त्याकडेच्या खांबापर्यंत चढून जायचं, पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. फ्यूज आपल्या खिशात असले की मोटरीची काय बिशाद! पण पेटी वर, पंप खाली नदीला, आणि मधे चांगली दमछाक करणारी चढण. त्याच पेटीत स्टार्टर बसल्यावर नूतनच म्हणाली होती, “अण्णा, आता कशाला वर-खाली करता? बंद आहे का चालू, मोबाईलवर दिसतंय की.” पोरगी म्हणाली म्हटल्यावर अण्णांनी शिरस्ता सोडला.

नदीकाठी रेंज नाही. म्हणून अण्णांनी मोबाईल बांधावर सोजराबाईच्या हाती दिला आणि खालून ओरडून विचारलं, “वयनी, मोटार बंद हाय न्हवं? बगा जरा!”

सोजराबाईनं बघितलं. “बंद हाय!” ती ओरडली.

अण्णांनी हात घातला, आणि मोटर गुरगुरली.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. नसरापूरच्या दवाखान्यानं पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी उरलेला हात वाचवला. तिसऱ्या दिवशी आनंदराव भेटायला आले. खाटेशेजारी बसून इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, “धनाजी, आदल्या दिशी वयनी काय बोलली, म्या माज्या कानानं ऐकलंय.”

 अण्णांनी उशाशी उभ्या असलेल्या नूतनकडे बघितलं.

“नूतन, वयनी म्हनती, म्या बटन दाबलं न्हाई, नुसतं बगितलं. त्ये मोबाईलवरलं तूच केलंयस. खरं सांग मला. नुसतं बगून मोटार सुरू होती का?”

नूतननं क्षणाचाही विचार केला नाही. “नाही अण्णा. बघून काय होतंय? चालूचं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही.”

ती खोटं बोलली नव्हती. तिला जे ठाऊक होतं ते तिनं सांगितलं. पण संध्याकाळच्या वडापच्या जीपनं ते वाक्य वाडीत पोचलं आणि सोजराबाईवर ठपका बसला. कुणी म्हणालं, चुकून दाबलं असेल. कुणी म्हणालं, चुकून कशी दाबेल, आदल्या दिवशी तर हात मोडायचा शाप दिलाय. ज्या बाईनं या घरासाठी उभा जन्म काढला, तिच्या तोंडचा रागाचा एक शब्द तेवढा लोकांनी उचलून धरला. माणसं मोठी नामी असतात.

अण्णा घरी आले ते मुकेच. सोजराबाईनं ताट वाढलं, त्यांनी सरकवून दिलं. जेवण आनंदरावांच्या घरून यायला लागलं. सोजराबाई दोन्ही वेळा रांधायची, ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि दुपार टळल्यावर ते ताट गोठ्यात रिकामं करायची. शेवटी अण्णाच म्हणाले, “रविवारी भैरवनाथाला कौल लावायचा. देव काय सांगंल ते सांगंल. मंग मी बी बोलनार न्हाई आन् गाव बी न्हाई.”

सोजराबाई “व्हय” म्हणाली. त्या फटकळ बाईकडून तेवढा एकच शब्द निघाला, आणि तो ऐकून नूतनला कसंतरीच झालं.

गुरुवारी ती भोरला कामावर आली. मालक स्वरूप पुण्याला गेला होता. शेजारच्या खुर्चीवर शेफाली. मोबाईलवर लोकांना जे दिसतं ते सगळे स्क्रीन शेफाली करायची. मोटरीशी बोलणारा आतला भाग नूतनचा. नूतननं तिला सगळं सांगितलं. “मोठी आई एकच धरून बसलीये,” ती म्हणाली. “बघितलं आणि लगेच गुरगुरली म्हणते.”

 शेफाली म्हणाली, “नूतन, पावसाळ्यात तू ते ताजं उत्तर आणायचं घातलंस ना? कुठं घातलंस?”

“स्थितीत.”

“स्थितीत? म्हणजे मी जिथं जिथं नुसती स्थिती वाचते, तिथं तिथं आतून स्टार्टरला फोन लागतो?”

नूतनच्या हातातला पेन तसाच राहिला.

हे जरा उलगडून सांगायला हवं. प्रोग्रॅममध्ये मोटर म्हणून एक वस्तू मांडलेली असते. तिच्याशी दोन तऱ्हांनी बोलता येतं. एक म्हणजे तिचा गुण वाचायचा, त्याला प्रॉपर्टी म्हणतात. पाटीवरचं नाव वाचावं तसं. कितीदाही वाचा, पाटीला काही होत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे तिला काम सांगायचं, ती मेथड. मेथडच्या नावापुढे कंस काढतात. कंस दिसला की दुसऱ्या माणसाला कळतं, इथं काहीतरी घडणार आहे, जपून हात घाला. कंस नसला की नुसतं वाचन, बिनघोर वाचा. कुठल्या गोष्टीला प्रॉपर्टी करायचं आणि कुठल्या गोष्टीला मेथड, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं. मशीन दोन्ही मुकाट चालवून घेतं.

‘स्थिती’, म्हणजे मोटर बंद की चालू, ही नूतननं प्रॉपर्टी केली होती. तेव्हा ते बरोबरच होतं, कारण तेव्हा आत नुसतं शेवटचं साठवलेलं उत्तर होतं. मग पावसाळ्यात तक्रारी आल्या, मोबाईलवर जुनंच दिसतंय म्हणून. तिनं आत चार ओळी घातल्या: उत्तर शिळं असेल तर ते दाखवायचं, आणि पाठीमागून स्टार्टरला जोडून ताजं आणायचं. त्याच दिवशी त्या नावापुढे कंस यायला हवा होता. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण कंस लावायचा तर शेफालीचे सगळे स्क्रीन उघडून दुरुस्त करावे लागणार होते, आणि स्वरूपला काम त्या आठवड्यात हवं होतं. बाहेरून नाव तेच राहिलं, रूप तेच राहिलं. आत मात्र वाचनाच्या नावाखाली काम सुरू झालं.

आणि स्टार्टरला जोडायचा भाग स्वरूपनं लिहिलेला. जोडणी झाली रे झाली, की आधी अडकून पडलेली आज्ञा तो भाग आपोआप पुढे धाडायचा.

नूतननं कपाटातून एक स्टार्टर काढून टेबलावर मांडला. मोटरीच्या जागी दिवा जोडला. स्टार्टरची एरियल उपसून मोबाईलवर ‘चालू’ दाबलं. दिवा लागला नाही. एरियल परत बसवली. दिवा लागला नाही. दोघी चहा पिऊन आल्या, तरी दिवा विझलेलाच. मग नूतननं मोबाईलवर मोटरीचा स्क्रीन उघडला. बोट कशालाही लावलं नाही. स्क्रीनवर आलं, ‘बंद’. आणि दिवा भक्कन लागला.

शेफालीनं तोंडावर हात ठेवला. “मला काय माहीत गं,” ती पुटपुटली. “कंस नव्हता पुढे.”

 अण्णांनी सकाळी दाबलेली ‘चालू’ची आज्ञा मधेच अडकून पडली होती. मोठ्या आईनं नुसतं बघितलं, त्या बघण्यानं ती पुढे गेली. बाई खरं बोलत होती. बोटं घेतली ती नूतनच्या चार ओळींनी, आणि वर नूतननंच खाटेशी उभं राहून सांगितलं होतं, बघून काय होतंय.

दुपारी स्वरूप आला. त्यानं दिव्याचा खेळ दोनदा करून बघितला आणि खुर्चीत बसला. माणूस वाईट नव्हता. कर्ज काढून कंपनी उभी केलेली, त्याचंही काळीज हललं. “सगळं सोडा, आधी हे बदला,” तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून बदललं. स्थिती पुन्हा नुसती स्थिती झाली, साठवलेलं वाचायची, आणि ते किती जुनं आहे तेही शेजारी दाखवायची. ताजं हवं असेल तर त्याची वेगळी मेथड, कंसासकट, आणि मोबाईलवर त्याचं वेगळं बटण. अडकलेली आज्ञा आता पुढे जायची नाही, जागीच रद्द व्हायची. शेफालीनं एकेक स्क्रीन उघडून दुरुस्त केला. पावसाळ्यात टाळलेलं काम एका दुपारचं निघालं.

निघताना स्वरूप म्हणाला, “नूतन, बाहेर मात्र बोलू नकोस. कळलं तर सगळे स्टार्टर परत येतील, तिघं घरी बसू. अण्णांच्या औषधपाण्याचं मी बघतो. एका म्हातारीच्या हातून चुकून बटण दाबलं गेलं, एवढंच म्हणतात ना लोक? म्हणू दे.”

“ती म्हातारी माझी आई आहे,” नूतन म्हणाली आणि स्कूटीची किल्ली उचलली.

बोलायला ठसक्यात बोलली खरी, पण घरी येऊन तोंड उघडेना. शुक्रवार गेला. शनिवारी ती सोजराबाईपाशी चुलीजवळ जाऊन बसली. सोजराबाई जाळासमोर आपला उजवा अंगठा धरून बघत होती.

“बाळे,” ती म्हणाली, “ह्यो आंगठा जाड हाय माजा. मोबाईल धरताना लागला असंल गं कुटंतरी. मला कळलं नसंल.”

सांगायची वेळ हीच होती. पण सांगितलं की काय होणार, तेही नूतनच्या डोळ्यांसमोर उभं होतं. अण्णांची बोटं लेकीनं घेतली, असंच गाव म्हणणार. रात्रंदिवस ‘माजी नूतन, माजी नूतन’ करणारे अण्णा तिच्याकडे कोणत्या नजरेनं बघतील? तिला भीती वाटली, साधी आणि लाजिरवाणी भीती. “तू नको गं असं बोलू,” एवढं म्हणून ती उठली. त्या उठण्याची शरम तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

रविवारी सकाळी भैरवनाथाच्या देवळात सगळी जमली. अण्णा गळ्यात हात अडकवून खांबाला टेकलेले, शेजारी आनंदराव. सोजराबाई अंघोळ करून ओलेत्यानंच आली होती आणि थंडीनं तिचे खांदे हलत होते. म्हादू गुरवानं देव धुतला, पुसला. ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या घेतल्या, एक देवाच्या उजव्या अंगाला लावायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर बाई निर्दोष, डावी पडली तर दोषी.

“आदी सांगतो,” म्हादू म्हणाला, “येकदाच इचारायचं. देवाला फिरून फिरून इचारीत न्हाईत. पाकळी लावली की मागं फिरता यायचं न्हाई.”

नूतन लहानपणापासून हे ऐकत आली होती. आज पहिल्यांदाच तिला त्याचा अर्थ लागला. कौल घेणं म्हणजे देवाकडे नुसतं बघणं नव्हे, हे इथं पोरासोरांनाही कळत होतं. म्हणून तर अंघोळ, म्हणून ओलेतं, म्हणून म्हादूची ही ताकीद. विचारण्यानं काहीतरी घडतं, आणि ते घडण्याआधी सगळ्यांना सावध केलं जातं. तिनं मात्र घडणारी गोष्ट बघण्याच्या नावानं खपवली होती, कुणाला सावध न करता.

म्हादूनं पहिली पाकळी ओली करून बोटावर घेतली. डावी पडली तर? मग ती जन्मभर मोठ्या आईच्या अंगाला चिकटणार.

“थांबा,” नूतन म्हणाली.  “म्हादूकाका, लावू नका. मोठ्या आईनं बटण दाबलं नाही. तिनं नुसतं बघितलं. नुसतं बघूनच मोटर सुरू झाली.”

आनंदराव वळले. “आगं, मंग दवाखान्यात तर म्हनालीस, बटन दाबल्याबिगर...”

“चुकीचं बोलले. मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, कारण ते लिहिलंय मीच.” मग तिनं सगळं सांगितलं, अडकलेली आज्ञा, पावसाळ्यातल्या चार ओळी, टेबलावरचा दिवा.  म्हादूच्या बोटावरची पाकळी सुकत चालली होती.

अण्णा आपल्या पट्टीकडे बघत होते. “म्हंजी चालूचं बटन म्याच दाबल्यालं? सकाळचं?”

“हो अण्णा. पण ते तिथंच मरायला हवं होतं. ते जिवंत राहिलं ते आमच्यामुळं.”

अण्णा सोजराबाईकडे वळले. “वयनी,” म्हणाले. त्यांनी डावा हात पुढे केला, तो तसाच अधांतरी राहिला.

सोजराबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती नूतनकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

“मला सोताचंच खरं वाटंनासं झालं हुतं गं,” ती म्हणाली. “ह्या डोळ्यांनी बगितलं, ह्या हातानं काय बी केलं न्हाई, ठावं हुतं मला. पर तू म्हनलीस दाबल्याबिगर हुत न्हाई. तू म्हनलीस म्हनून म्या बी मानलं.”

नूतनला तिथं रडू आलं, सगळ्यांदेखत.

दुपारी अण्णांनी घरच्या ताटात डाव्या हातानं भाकरी मोडली. वाढलं सोजराबाईनंच. लेकीशी ते त्या दिवशी बोलले नाहीत, पुढच्या आठवड्यात हळूहळू बोलू लागले. स्वरूपनं ज्यांच्या ज्यांच्याकडे स्टार्टर होते त्यांना शेवटी स्वतःच फोन केले. काही स्टार्टर परत आले, बरेच आले नाहीत. नूतनची खुर्ची राहिली. वाडीत मात्र ‘नूतनला विचारा’ पूर्वीसारखं कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तरी उत्तर द्यायला ती आता वेळ घेते.

चैत्रात ग्लँडची राहून गेलेली गळती फारच वाढली. अण्णांच्या हातानं काम होण्यासारखं नव्हतं, म्हणून दोरी घेऊन नूतनच नदीला निघाली. बांधावर सोजराबाई कांदा काढत होती. नूतननं मोबाईल तिच्यापुढे धरला.

“मोठी आई, आता सगळं नीट केलंय. बघून काही होत नाही. बंद आहे का तेवढं सांग मला खालून विचारल्यावर.”

सोजराबाईनं हात पदराला पुसले, पण मोबाईल घेतला नाही.

“आदी पेटीतलं फ्यूज काढून आन,” ती म्हणाली. “मंग बगते.”

 नूतन चढण चढून रस्त्यापर्यंत गेली, खांबावरची पेटी उघडली, तिन्ही फ्यूज काढले आणि कुर्त्याच्या खिशात टाकले. परत बांधावर आली तेव्हा दम लागला होता. तिनं खिशातून फ्यूज काढून सोजराबाईला दाखवले. सोजराबाईनं ते नीट निरखले, तिन्ही. आणि मग मोबाईल हातात घेतला.